कवळीचा भार कोणावर?

चार-दोन दात गेले की व्यापारी घरांत प्रथम चौकशी होते ती दराची, त्यानंतर दिसण्याची. अर्धी कवळी करताना मात्र पहिला प्रश्न निराळा असावा. घास चावण्याचा भार कोण पेलणार, उरलेले दात की हिरडी? पदार्थाची निवड या उत्तरावर ठरते.

सर्वत्र मिळणारी कवळी गुलाबी ॲक्रिलिकची. 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात या पदार्थाने जुन्या कठीण रबराची जागा घेतली. तो स्वस्त आहे, हलका आहे. कवळी तुटली तर सांधता येते. पुढे शेजारचा दात पडला, तर त्याच कवळीत नवा दात बसवता येतो. कुरुंद्याहून वसमत-नांदेडची खेप करणाऱ्यास ही सोय लहान नाही. परंतु साध्या ॲक्रिलिक कवळीचा बहुतेक भार हिरडीवर पडतो. हिरडीखालचे हाड वर्षानुवर्षे झिजते, कवळी खाली बसते आणि शेजारच्या दाताची हिरडी दाबली जाते. अशाने धडधाकट दातही हलू लागतात.

कोबाल्ट-क्रोमियमचा ओतीव सांगाडा याहून पातळ असतो. त्याचे बारीक टेकू शेजारच्या दातांवर कोरलेल्या खोबणीत बसतात आणि भार त्या दातांच्या मुळांकडे जातो. घासाची ऊब टाळूला जाणवते, हेही सुख थोडे नाही. खर्च अधिक, कड्या दिसतात आणि नंतर दात वाढवणे कठीण. ज्यांना खोट्या दागिन्यांनी खाज सुटते, त्यांनी ते दंतवैद्यास आधीच सांगावे. काही मिश्रधातूंत निकेल असते.

लवचिक नायलॉनची कवळी गिऱ्हाइकासमोर बसणाऱ्यास मोहात पाडते, कारण तिला धातूच्या कड्या नसतात. मात्र तिला बहुधा टेकूही नसतात, त्यामुळे भार पुन्हा हिरडीवरच. ती दुरुस्त करणे अवघड, आणि खडबडीत झाली की डाग धरते. वसमतच्या हळदीच्या मुलखात हे विसरून चालणार नाही. समोरचे एक-दोन दात असतील तर ठीक. दाढांसाठी तिचा आग्रह धरू नये.

उरलेले दात घट्ट असतील, तर धातूचा खर्च सार्थकी लागतो. तेच डळमळीत असतील, तर ॲक्रिलिक शहाणपणाचे. शेवटची दाढच नसेल, तर मागच्या टोकाला दाताचा आधार मिळत नाही; तेथे धातूच्या सांगाड्यालाही हिरडीवर ॲक्रिलिकची बैठक लागते आणि ती काही वर्षांनी पुन्हा भरून घ्यावी लागते.

अठराव्या शतकातील युरोपात कवळ्या हस्तिदंताच्या, पाणघोड्याच्या दातांच्या होत. वॉशिंग्टन यांच्या कवळ्यांत तर माणसांचे दातही होते. आज त्या हिंसेची गरज उरलेली नाही.

सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्या घरांत कवळी तेव्हाच काढून मऊ ब्रशने घासावी आणि रात्री पाण्यात ठेवावी. उकाळलेलेच पाणी वापरण्याचा नियम असेल, तर ते पूर्ण निवू द्यावे. कढत पाण्यात ॲक्रिलिक वाकते. धातूची कवळी करवून घेताना दात चढवण्यापूर्वी नुसता सांगाडा तोंडात बसवून पाहतात. त्या दिवशी तो डुगडुगला तर तिथेच सांगावे. नंतर त्याला ठोकून बसवता येत नाही.