जुने दिवाणजी, नवे शेठजी

आमच्या परिचयातील एका कुटुंबाने अलीकडेच मार्केट यार्डातील शेजारची जुनी पेढी विकत घेतली. गोदाम, वजनकाटे, येणी-देणी, पेढीचे नाव, सर्वांचे मोल ठरले. आठ दिवसांनी तेथील दिवाणजींनी नव्या मालकांना एवढेच विचारले, "शेठजी, आता मी कोठे बसावयाचे?" 34 वर्षे ते एकाच जागी बसून खतावणी लिहीत आले आहेत. शेठजी हसून म्हणाले, "बसा हो कोठेही." चार दिवसांनी राजीनाम्याचा कागद गल्ल्यावर आला. तो अद्याप स्वीकारलेला नाही, म्हणूनच या वेळी हा विषय घेतला आहे.

या प्रश्नाचे उत्तर वेळेवर न दिल्यास काय घडते, हे एअर इंडियाच्या गेल्या काही वर्षांच्या वाटचालीत पाहावयास मिळते. 2007 साली सरकारने एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स या आपल्याच दोन कंपन्या एकत्र केल्या. कागदोपत्री घर एक झाले. वेतनश्रेणी मात्र दोन राहिल्या, बढतीचे नियम दोन राहिले, वैमानिकांच्या संघटनाही दोन राहिल्या. 2011 मध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक समान वेतनासाठी दहा दिवस संपावर गेले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या बाजूने संप पुकारला. कारण असे, की नव्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण 'त्यांच्या' वैमानिकांनाही देण्यात येणार होते. हा संप 58 दिवस चालला. पाच वर्षे एका कंपनीत राहूनही माणसे एकमेकांस 'ते' म्हणत होती! वेतन व सेवाज्येष्ठता यांचा मेळ कसा घालावा, हे सांगणारा न्यायमूर्ती धर्माधिकारी समितीचा अहवालही 2012 मध्येच आला. जे विलीनीकरणाच्या आधी ठरावयास हवे होते, ते भांडणे झाल्यावर ठरू लागले.

27 जानेवारी 2022 रोजी ही कंपनी टाटा समूहाच्या हाती गेली. 18,000 कोटींच्या बोलीत रोख रक्कम 2,700 कोटींची. उरलेला भार कर्जाचा. या सौद्यात मला रकमेहून एक अट अधिक शहाणपणाची वाटते. पहिले वर्षभर कोणासही कामावरून कमी करावयाचे नाही, आणि दुसऱ्या वर्षी तशी वेळ आलीच तर स्वेच्छानिवृत्तीचा पर्याय द्यावयाचा. घाबरलेल्या नोकरदाराला निदान बारा महिने झोप लागते. तथापि नोकरी राहिली तरी राहते घर त्या हमीत नव्हते. मुंबईत कलिना येथील वसाहतीतील कुटुंबांना जागा रिकामी करण्याच्या नोटिसा आल्या आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले.

याहून विचार करावयास लावणारी गोष्ट विस्ताराची. ही तर टाटांचीच, सिंगापूर एअरलाइन्ससमवेत उभारलेली कंपनी. तिचे एअर इंडियात विलीनीकरण नोव्हेंबर 2024 मध्ये झाले, पण असंतोष त्याच वर्षीच्या वसंतातच उफाळला. नव्या वेतनरचनेत वैमानिकांचे निश्चित वेतन 70 ऐवजी 40 उड्डाण-तासांच्या हिशेबाने ठरणार होते. अनेक वैमानिक कामावर आले नाहीत आणि कितीतरी उड्डाणे रद्द करावी लागली. विकत घेणाऱ्याच्या घरची माणसेही दुखावतात, हे आपल्या ध्यानात येत नाही. नवी पेढी घेतल्यावर आपण तिच्या दिवाणजींची समजूत काढतो. आपल्या पेढीत वीस वर्षे राबलेला मेहता मात्र मुकाट्याने पाहत असतो, की आता आपल्या वरती कोण येणार.

शेठजींना मी इतकेच सुचविले, की पगाराच्या तारखेआधी दोन्ही पेढ्यांच्या माणसांना एकत्र बसवावे आणि लिहून द्यावे. जुनी सेवा धरली जाणार की नाही? ग्रॅच्युइटी 34 वर्षांची मोजणार, की खरेदीखताच्या दिवसापासून? रजेस कोणाची परवानगी घ्यावयाची? चुकले तर कोण बोलणार, आणि ते चारचौघांत बोलणार की आत बोलावून? हा शेवटचा प्रश्न शेठजींना आवडला नाही. धाकट्या चिरंजीवांनी खरेदीनंतरच्या दुसऱ्याच दिवशी हमालांदेखत दिवाणजींना संगणक येत नसल्याबद्दल टोकले होते, हे त्यांनी मला तेव्हा प्रथमच सांगितले.

परवा चिरंजीव स्वतः दिवाणजींच्या घरी जाऊन आले. राजीनामा अजून गल्ल्यातच आहे. दिवाणजी सोमवारी येतो म्हणाले आहेत, आणि त्यांची गादी जुन्याच जागी घालून ठेवली आहे.