'गावठी'चा भाव वधारला, बियाण्याचं काय?

'गावठी' म्हणून एकेकाळी पोरं एकमेकांना हिणवायची. आता 'गावरान' अशी पाटी लागली की हॉटेलात तेच ताट महाग होतं. हे उलटं कसं झालं?

१९६४ मध्ये सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली. उत्पन्न भरघोस, त्यामुळे हायब्रीड पेरणारा शेतकरी पुढारलेला ठरला आणि घरचं बी जपणारा मागास. पुढे वारं फिरलं. चव गेल्याची तक्रार वाढली. नाजूक पोरांना चिडवायलाही 'हायब्रीड' हाच शब्द आला!

अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे मात्र जुनं बी जपतच राहिल्या. २०१८ मध्ये बीबीसीच्या १०० महिलांच्या यादीत त्यांचं नाव आलं, २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. देशी बियाणं शहरातल्या मोबाइलवरही झळकलं.

खरा पेच शेतात आहे. संकरित बी दर हंगामात विकत घ्यावं लागतं. गावरान घरचंच पुन्हा पेरता येतं, पण उत्पन्न सहसा कमी. ताटाचा जादा भाव बांधापर्यंत पोहोचलाच नाही, तर ते पेरणार कोण? आणि ताटातली भाकरी कोणत्या बियाण्याची, हे हॉटेलची पाटी सांगत नाही.