खुंटीवरचे टाळ

कोजागिरीचं दूध पिऊन झालं की आमच्या सौंसरच्या गल्लीत पहाटे टाळ वाजू लागतात. काकडा सुरू होतो आणि कार्तिकी पौर्णिमेपर्यंत चालतो. थंडी रोज थोडी वाढते, पण बायकांची संख्या कमी होत नाही. स्वेटरवर शाल, शालीवर मफलर आणि पायात मुलाचे जुने मोजे अशा थाटात आमचं भजनी मंडळ विठ्ठलाच्या देवळाकडे निघतं.

आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. लग्न होऊन मी पांढुर्ण्याहून सौंसरला आले, त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. करोनाचं वर्ष सोडलं तर आत्याबाईंनी काकडा चुकवलेला मला आठवत नाही. अंगात कसर असली तरी जायच्या. गवळण त्यांनीच उचलायची आणि मग बाकीच्यांनी धरायची, असा ठरलेलाच रिवाज होता. कोजागिरीच्या आधी त्या आपले टाळ चिंचेनं घासून लख्ख करून ठेवत.

२०२२च्या कोजागिरीला टाळ खुंटीवरच राहिले. पहाटे शेजारच्या काकूंनी दारातून हाक मारली, ‘चाल वो बाई, उशीर होऊन राह्यला.’ आतून उत्तर आलं, ‘तुमी जा. माह्यानं नाई होत आता.’

त्या वेळी त्या शहात्तर वर्षांच्या होत्या. आम्ही घरातल्या सगळ्यांनी मिळून एका मिनिटात कारण शोधून काढलं : वय झालं! मैत्रिणींनो, म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत या दोन शब्दांइतकं सोयीचं काही नाही. पुढे काही विचारायलाच नको. आम्ही त्यांच्या खोलीत टीव्ही लावून दिला, पाठीला टेका देणारी खुर्ची आणली. पुण्याच्या नातवानं मोठ्या अक्षरांचा मोबाइल पाठवला. आत्याबाईंनी सगळ्याचं कौतुक केलं आणि त्या खुर्चीत बसून राहिल्या.

मग एकेक गोष्ट सुटत गेली. शनिवारी जामसावळीला मारुतीच्या दर्शनाला जाणं बंद झालं. मोहगावच्या लग्नाला ‘तुमीच जाऊन या’ म्हणाल्या. आपल्या मध्य प्रदेशात २०१२ पासून साठीच्या पुढच्यांसाठी सरकारी तीर्थदर्शन योजना आहे. त्या रेल्वेच्या यादीत त्यांचं आणि काकूंचं नाव बरोबर लागलं होतं. डबा, औषधं, पिशवी, सगळी तयारी झाली आणि आदल्या रात्री त्यांनी नाही म्हणून सांगितलं. काकू रागावून एकट्या गेल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपला पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला. कागदपत्रांसाठी छिंदवाड्याच्या चकरा संपल्या म्हणून गल्लीत पेढे वाटले गेले. आत्याबाईंनी पेढा खोलीतच खाल्ला.

दोन गोष्टी मला दिसत होत्या. पहाटे चार वाजता उठून त्या आपलं लुगडं स्वतः धुवायच्या, मला हात लावू द्यायच्या नाहीत. मला वाटलं, म्हातारपणी सोवळं वाढलं. दुसरं म्हणजे पाणी. तांब्या भरून ठेवला तर संध्याकाळी तसाच असायचा. मला वाटलं, थंडी आहे. वैशाखातही तांब्या तसाच राहू लागला तेव्हाही मला काही वाटलं नाही, हे आज कबूल करते.

२०२४च्या चैत्रात त्यांना ताप भरला आणि रात्री त्या भलतंच बोलू लागल्या. मला त्या आपल्या गेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारत होत्या. आम्ही घाबरून नागपूर गाठलं. आमची ही सीमेवरची तऱ्हाच आहे. १ नोव्हेंबर १९५६ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि तोवर आमची राजधानी असलेलं नागपूर एका दिवसात परराज्य झालं. पण दुखण्याला ते कुणी सांगितलंच नाही. आजही दुखलं की गाडी नागपूरकडेच वळते.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी माझ्या नवऱ्याला बाहेर बसवलं. मग खुर्ची आत्याबाईंच्या जवळ ओढून अगदी आपल्या वऱ्हाडीत विचारलं, ‘माय, खोकलं का शिंकलं तं लुगडं ओलं होते का?’

आत्याबाई आधी भिंतीकडे पाहत राहिल्या आणि मग रडू लागल्या. तीस वर्षांत मी त्यांना असं रडताना दोनदाच पाहिलं असेल.

दीड वर्ष हे चाललं होतं. काकड्याला दोन-अडीच तास बसावं लागतं. देवळात जायची सोय नाही आणि उठून घरी आलं तर सगळ्यांना कळणार. रेल्वेत शेजारी परकी माणसं. लग्नघरी मांडवात बसून लुगडं भिजलं तर? म्हणून पाणी तोडलं, मग माणसं तोडली. याआधी एका ठिकाणी तपासणीत त्यांना हाच प्रश्न हिंदीतून, मुलासमोर आणि चार अनोळखी लोकांसमोर विचारला गेला होता. त्यांनी मान हलवून ‘नहीं’ म्हटलं होतं. आत्याबाईंना हिंदी येत नाही असं नाही, बाजारात भाजीवाल्याशी त्या हिंदीत चांगल्या भांडतात. पण लाजेची गोष्ट सांगायला माणसाला आपली बोली लागते, आणि दार लावलेलं लागतं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते थोडक्यात लिहिते, कारण ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळ घरांत आहे. बाळंतपणांनी आणि पाळी गेल्यानंतर ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडतात, त्यामुळे खोकताना-हसताना थेंब निसटतो. लघवीचा जंतुसंसर्ग, वाढलेली साखर, बद्धकोष्ठ यांनीही असं होतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते. अशी गोळी कधी घ्यायची ते डॉक्टरांना विचारून बदलून घेता येतं, आपल्या मनानं मात्र गोळी बंद करायची नाही. पाणी कमी पिणं हा तर उलटा उपाय. त्यानं लघवी दाट होते, मूत्राशय जास्त चिडतं आणि जंतुसंसर्गाला वाव मिळतो. म्हाताऱ्या माणसाला असा संसर्ग झाला की कधी कधी ते एकाएकी भ्रमल्यासारखं बोलतं. आत्याबाईंचं तेच झालं होतं आणि आम्ही घरात ‘डोकं फिरलं का काय’ म्हणत होतो.

औषधानं ताप आठवड्यात गेला. उरलेल्यासाठी व्यायाम : लघवी रोखून धरतो तसे खालचे स्नायू आवळायचे, पाचपर्यंत मोजायचं, सोडायचं. असं दहादा, दिवसातून तीन वेळा, बसल्या जागी. गुण यायला तीनेक महिने लागतात. आत्याबाई जपाची माळ हातात घेऊन हा व्यायाम करायच्या. पाहणाऱ्याला वाटे नामस्मरण चाललंय!

आता थोडं माझ्या माहेरचं. बाहेरच्या जगाला पांढुर्णा ठाऊक आहे ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर होणाऱ्या गोटमारीमुळे. त्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर दगड मारतात, तेवढंच छापून येतं. बाकीचं वर्षभर तिथले म्हातारे एकमेकांना कसं सांभाळतात ते कुणी छापत नाही. माझे बाबा निवृत्त शिक्षक, वय ब्याऐंशी. संध्याकाळी पाचला ते एका ओट्यावर जाऊन बसतात. तिथे चौघं असतात आणि वर्तमानपत्र एकच. एकाला मोतीबिंदूनं दिसत नाही, त्याला बाबा वाचून दाखवतात. दुसऱ्याला ऐकू कमी येतं, त्याला मोठ्यानं वाचून दाखवतात. मग राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गावोगाव रुजवलेली सामुदायिक प्रार्थना आणि नंतर घर. बाबा साडेपाचपर्यंत दिसले नाहीत की कुणाचा तरी नातू सायकलवर घरी हजर : ‘गुरुजी काहून नाई आले?’ माझा भाऊ बाहेरगावी असतो. या सायकलीच्या भरवशावर तो झोपतो, असं तो स्वतःच म्हणतो.

ही नुसती भाबडी समजूत नाही. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१० मध्ये १४८ अभ्यास आणि तीन लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून पाहिली. ज्यांची माणसांशी घट्ट जवळीक होती त्यांची जगण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगानं जून २०२५ मध्ये अहवाल दिला. त्यात जगातल्या दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा छळतो असं म्हटलं आहे, आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंचा संबंध त्याच्याशी जोडला आहे.

पण मला ओट्याचं फार गोडवं गायचं नाही. सायकलवरचा नातू ‘काहून नाई आले’ विचारतो, आणि ‘गुडघा दुखतो’ हे उत्तर त्याला देता येतं. आत्याबाईंनाही मंडळातल्या बायका आल्याच होत्या की विचारायला. पहिल्या महिन्यात चार वेळा, नंतर सणावाराला. त्यांना देता येईल असं उत्तरच आत्याबाईंकडे नव्हतं. उत्तर मिळेना म्हणून विचारणं थांबलं, आणि गवळण दुसरीनं उचलायला सुरुवात केली. यात कुणाचाच दोष नाही. घरात राहून, रोज त्यांचं ताट वाढून मलाच कळलं नाही, तर गल्लीला काय बोलू?

२०२४च्या दसऱ्यापर्यंत आत्याबाई बऱ्याच सावरल्या होत्या. पाणी पिऊ लागल्या, लुगडं क्वचितच बदलावं लागे. तरी देवळात जायला धजेनात. शेवटी मी त्यांच्या परवानगीनं काकूंना सगळं सांगितलं. काकू ऐकून घेऊन तडक खोलीत गेल्या आणि म्हणाल्या, ‘एवढ्यासाठी रेल्वेत मले एकटीले पाठोलं? माह्यं काय सुकं राह्यते का वो?’ दोघी इतक्या हसल्या की काकूंना लगोलग न्हाणीकडे पळावं लागलं.

देवळाच्या समितीकडे आम्ही दोघी-तिघी जणी गेलो. देवळाच्या मागं पडीक जागा आहे, तिथे बायकांसाठी एक संडास-मोरी बांधा, म्हटलं. पुरुषमंडळी एकमेकांकडे पाहू लागली. एक जण म्हणाले, देवाजवळ असलं कशाला? दुसरे म्हणाले, पाहू. ते ‘पाहू’ अजून चालू आहे. देवळाला लागून ज्यांचं घर आहे त्या सूनबाईंनी मात्र त्याच आठवड्यात सांगितलं, ‘आमच्या मागच्या दाराची कडी मी पहाटे काढून ठेवीन, दिवा लावून ठेवीन. विचारायची गरज नाही.’

त्या वर्षी काकड्याच्या पहिल्या पहाटे आत्याबाई दाराजवळच्या कोपऱ्यात बसल्या. अभंग चालू असताना एकदा उठून मागच्या दारानं जाऊन आल्या. त्यांच्या मागोमाग एक उठली, मग आणखी एक. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत मी मोजलं, त्या दाराचा उपयोग करणाऱ्या नऊ जणी होत्या. त्यातली एक चार वर्षं देवळात आली नव्हती. तिच्याही घरी ‘वय झालं’ असंच म्हणत असणार.

गवळण आता दोघी मिळून उचलतात, जुनी आणि नवी. सूर जुळत नाहीत, पण कुणी माघार घेत नाही.

हे सगळं लिहू की नको, असा मला संकोच होता. घरातली गोष्ट, तीही अशी. परवा समितीच्या बैठकीचा निरोप आला तेव्हा आत्याबाईंनीच विषय काढला. या खेपेला त्या स्वतः येणार आहेत. टाळ पुसता पुसता म्हणाल्या, ‘तू लिवते ना पेपरात? मंग लिवून टाक. बैठकीच्या आधी छापून आलं पाह्यजे.’