नाकपुड्या लहान-मोठ्या दिसतात? ऑपरेशनआधी 'का' विचारा, कारण खर्च कुणाच्या माथी हे तिथेच ठरतं

'नाकीडोळी नीटस' हे दोन शब्द आपल्याकडे लग्नाच्या बाजारात पिढ्यानपिढ्या चालत आलेत. पूर्वी ही पारख कांदेपोहे खायला आलेली मंडळी करायची. आता मुलं-मुली ती स्वतःच करतात, फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात. एक नाकपुडी गोल, दुसरी चपटी, हे एकदा डोळ्यांत भरलं की मग दुसरं काही दिसत नाही. त्यात एकदा 'नाक' असा शब्द शोधला की पुढचा आठवडाभर फोनवर ऑपरेशनआधीचे आणि नंतरचे फोटो येत राहतात. मग फोन राजापुरातल्या जवाहर चौकात असो की दादरला, जाहिरात मुंबई-पुण्याच्या क्लिनिकचीच असते.

अडचण अशी, की या रील्समध्ये 'कसं सरळ करतात' हे दिसतं. 'मुळात वाकडं का आहे' हे कुणी सांगत नाही. उपचार काय, डॉक्टर कोणता, विमा मिळेल का आणि जीएसटी लागेल का, हे सगळं त्या एका उत्तरावर अवलंबून असतं.

आधी कॅमेऱ्याचा हिशोब

अमेरिकेतल्या रटगर्स आणि स्टॅनफर्ड विद्यापीठांच्या संशोधकांनी 2018 मध्ये सेल्फीचं गणित मांडलं होतं. चेहऱ्यापासून 12 इंचांवर धरलेल्या कॅमेऱ्यात नाकाचा तळ 5 फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा साधारण 30 टक्के रुंद दिसतो. कॅमेऱ्याच्या सगळ्यात जवळ नाक असतं, म्हणून ते फुगतं. फोन खालून धरला की नाकपुड्या आणखी उघड्या पडतात. शिवाय आपण स्वतःला आरशात उलटं पाहत आलेलो असतो. फोटोत तोच चेहरा सुलटा दिसला की डावी-उजवी बाजू अनोळखी वाटते आणि फरक जास्त टोचतो.

म्हणून दुसऱ्या कुणाला तरी मागच्या कॅमेऱ्यातून, डोळ्यांच्या उंचीवरून, पाच फुटांवरून फोटो काढायला सांगा. बऱ्याच जणांचा प्रश्न इथेच निम्मा होतो. थोडा फरक सगळ्यांच्याच चेहऱ्यात असतो. अगदी तंतोतंत सारखे दोन अर्धे कुणाचेच नसतात.

तरीही फरक दिसतोय, तर का?

नाकाचा पुढचा भाग तंबूसारखा समजा. मधला खांब म्हणजे नाकाचा पडदा, दोन्ही बाजूंच्या कमानी म्हणजे कूर्चा, आणि हा तंबू उभा असतो वरच्या जबड्याच्या हाडावर. खांब पुढच्या टोकाला एका बाजूला सरकला की त्या बाजूची नाकपुडी अरुंद होते, दुसरी पसरते. कमानच जन्मतः वेगळ्या वळणाची असेल तर पडदा सरळ असूनही नाकपुड्या वेगळ्या दिसतात. जबड्याचं हाड एका बाजूला खोल असेल तर नाकपुडी खाली बसते. वरून फरक एकसारखाच दिसतो. आत मात्र तीन वेगळी दुखणी असतात, आणि एकाचा इलाज दुसऱ्याला चालत नाही.

श्वासाबद्दल एक गैरसमज आहे. दिवसात कधी डावी, कधी उजवी नाकपुडी जड वाटणं हा आजार नव्हे. आतला मऊ पापुद्रा दर काही तासांनी आळीपाळीने फुगतो आणि ओसरतो. योग शिकवणारे त्याला 'स्वर बदलला' म्हणतात, ते हेच. पण कायम एकच बाजू बंद, झोपेत तोंड उघडं, उठल्यावर घसा कोरडा असं असेल तर गाल बोटाने हलकेच बाहेर ओढून पाहा. श्वास लगेच मोकळा झाला तर अडथळा नाकाच्या पुढच्या अरुंद भागात असू शकतो. ही फक्त खूण आहे. निदान कान-नाक-घसा तज्ज्ञांनी आत दुर्बीण घालून करायचं असतं.

आणि एका बाबतीत वाट पाहूच नका. नाकावर क्रिकेटचा चेंडू बसला, मोटारसायकलवरून पडल्यावर मार लागला आणि काही तासांत दोन्ही बाजूंनी नाक चोंदलं, तर पडद्याला चिकटून रक्त साचलेलं असू शकतं. ते वेळेत काढलं नाही तर आतली कूर्चा मरते आणि नाक कायमचं बसतं. त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालय गाठायला हवं. हाड मोडून नाक सरकलं असेल तर ते जागेवर बसवण्याची सोपी संधी साधारण पहिल्या एक-दोन आठवड्यांपुरतीच असते. 'सूज उतरू दे, मग बघू' म्हणून महिना घालवला, तर जे काही मिनिटांचं काम होतं त्याचं पुढे मोठं ऑपरेशन होतं.

दुभंगलेल्या ओठाची गोष्ट वेगळी

भारतात साधारण दर 700 ते 1000 जन्मांमागे एक बाळ दुभंगलेला ओठ किंवा टाळू घेऊन येतं. ओठाची फट ज्या बाजूला, त्या बाजूची नाकपुडी पसरट आणि खाली ओढलेली असते. ओठ शिवला तरी नाकाची ही ठेवण बऱ्याचदा उरते. घरात याचं खापर आईवर फुटतं: ग्रहणात विळी चालवली, सुई हातात घेतली. ग्रहणाचा याच्याशी काही संबंध नाही. गर्भाच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत चेहऱ्याचे भाग नीट जुळले नाहीत की असं होतं. त्यामागे आनुवंशिकता, काही औषधं, तंबाखू अशी कारणं असू शकतात आणि अनेकदा एकच एक कारण सापडत नाही.

या मुलांसाठी हक्काची वाट आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येणारं तपासणी पथक दुभंगलेला ओठ-टाळू असलेल्या मुलांची नोंद करून पुढे पाठवतं. ओठ तान्हेपणीच शिवतात आणि नाकाला पहिला आकार तेव्हाच देता येतो. नाकपुड्यांचं शेवटचं काम मात्र चेहऱ्याची वाढ संपल्यावर, म्हणजे वयात आल्यानंतर. मधली दहा-पंधरा वर्षं पाठपुरावा सुटतो आणि मूल शाळेत टोमणे ऐकत मोठं होतं. याला हौस म्हणता येणार नाही.

नाक पुन्हा उभं करणं हे इथलंच काम

नाकाच्या शस्त्रक्रियेच्या जगाच्या इतिहासात पुण्याचं पान आहे. 1792 च्या म्हैसूर युद्धात इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा शेतकरी टिपूच्या हाती लागला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराने पुण्याजवळच्या, विटा घडवणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने मेणाचा साचा करून, कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक बसवलं. लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझीन'ने ऑक्टोबर 1794 मध्ये ही हकीकत चित्रासह छापली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने सराव केला, 1814 मध्ये तसंच ऑपरेशन केलं आणि 1816 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. कर्करोगात नाक गेलेल्या रुग्णाला आजही कपाळाचीच कातडी वापरून नाक देतात. कारागिराचं नाव मात्र त्या बातमीत नाही.

पैसे कोण देणार?

गेलेलं परत देणं आणि असलेलं सुबक करणं, यांच्यातली रेघ आज कायद्याच्या कागदावर आहे. आरोग्यसेवेला जीएसटी नाही. पण कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरीला 18 टक्के लागतो. जन्मजात दोष, वाढीतला दोष किंवा इजा यांमुळे बिघडलेला अवयव वा त्याचं काम पूर्ववत करायचं असेल तर माफी आहे. आरोग्य विम्याची रेघ आणखी कडक. दिसणं बदलण्याचे उपचार वगळलेले. अपघात, भाजणं, कर्करोग यांनंतरची दुरुस्ती किंवा तब्येतीला थेट धोका असेल तरच अपवाद. वाकड्या पडद्याचं ऑपरेशन श्वासासाठी असेल तर विमा मिळू शकतो, पण अनेक पॉलिसींत त्याला दोन वर्षं थांबावं लागतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा.

यातून एक चोरवाट निघते. 'पडद्याचं दाखवू, नाकही करून घेऊ' असं काही ठिकाणी सहज सुचवलं जातं. दोन्ही कामं एकाच वेळी करणं वैद्यकीयदृष्ट्या योग्य असू शकतं. पण दिसण्यासाठीचा खर्च श्वासाच्या नावावर टाकणं ही विम्याची फसवणूक आहे. दावा फेटाळला गेला तर बिल रुग्णाच्याच गळ्यात पडतं. दोन कामांची दोन वेगळी बिलं मागा.

ऑपरेशनमध्ये काय होतं, काय होत नाही

पडदा सरळ करून मध्यावर आणतात, लागेल तिथे पडद्यातली, कानातली किंवा बरगडीची कूर्चा टेकू म्हणून बसवतात, पसरलेल्या नाकपुडीच्या बुडाशी छोटी पाचर कापून ती आत घेतात. साधारण आठवडाभर वरून पट्टी. ढोबळ सूज काही आठवड्यांत उतरते, पण शेंड्याची सूज पूर्ण जायला वर्ष लागू शकतं. आपल्याकडच्या जाड त्वचेत ती जास्त रेंगाळते. फरक कमी होतो, नाकपुड्या साच्यातून काढल्यासारख्या होत नाहीत. वेगवेगळ्या अभ्यासांत साधारण 5 ते 15 टक्के रुग्णांना दुसऱ्यांदा टेबलवर जावं लागतं. 'पक्कं सारखं करून देतो' असं जो म्हणेल, त्याच्याकडून उठून यावं.

'बिनटाक्याचं, अर्ध्या तासात' म्हणून विकली जाणारी फिलरची इंजेक्शनं जास्त भीतीदायक आहेत. नाकाच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या असतात. फिलर चुकून त्यात गेलं तर कातडी काळी पडू शकते, दृष्टीही जाऊ शकते. अरुंद नाकपुडी त्याने मोकळी होत नाही, ते वेगळंच.

राजापूरहून जायचं तर

रत्नागिरीत 2023 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि अशा महाविद्यालयात कान-नाक-घसा विभाग असावाच लागतो. 'का वाकडं आहे' या प्रश्नासाठी मुंबईची गाडी पकडायची गरज नाही. ते उत्तर लेखी घेऊन मग अणुस्कुरा घाट चढून कोल्हापूर गाठायचं की रेल्वेने मुंबई, हे ठरवा. सर्जनचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर तपासता येतो. रुग्ण ओढण्यासाठी जाहिरात करायला डॉक्टरांना 2002 च्या आचारसंहितेत मनाई आहे, हेही रील बघताना लक्षात असू द्या.

फेऱ्या आधी मोजा: तपासणी, ऑपरेशन, आठवड्याने पट्टी काढणं, मग पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्याला दाखवणं. पहिल्या दोन आठवड्यांत अचानक रक्त आलं तर जवळ कोण बघेल, आणि दुसऱ्यांदा ऑपरेशन लागलं तर फी, भूल आणि रुग्णालय यांतलं काय पुन्हा भरावं लागेल, हे पहिल्याच भेटीत कागदावर लिहून घ्या.