घराच्या विम्याची मुदत पावसाआधी तपासा

कोकणातले घरमालक, दुकानदार, गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी आणि मुंबई-पुण्यात राहून गावचं घर सांभाळणारे चाकरमानी, या सर्वांना कळकळीची विनंती.

पाऊस सुरू व्हायच्या आत घराची किंवा दुकानाची विमा पॉलिसी कपाटातून बाहेर काढा आणि तिची मुदत कधी संपते ते बघा. 3 जून 2020 चं निसर्ग वादळ आपण सोसलं आहे. श्रीवर्धन-दापोलीकडे कौलं आणि पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी, 22 जुलैला, चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं आणि महाडमध्ये सावित्रीचं पाणी शिरलं. अशा आपत्तीनंतर विमा कधीतरी काढला होता एवढ्याने काम भागत नाही. नुकसान झालं त्या दिवशी तो चालू होता का, हे पहिल्यांदा तपासलं जातं.

आयुर्विम्यामुळे आपल्याला एक सवय लागली आहे. हप्ता चुकला तरी काही दिवसांची सवलत मिळते, बंद पडलेली पॉलिसीसुद्धा पुन्हा सुरू करता येते, हे घरोघरी माहीत आहे. घराच्या आणि आगीच्या विम्याला अशी सवलत नसते. पॉलिसीवर छापलेल्या तारखेला मध्यरात्री संरक्षण थांबतं. दुसऱ्या दिवशी पहाटे शॉर्टसर्किट झालं, तर त्याआधी वीस वर्षं न चुकता भरलेल्या हप्त्यांचा आधार घेता येत नाही, कारण प्रत्येक पॉलिसी हा आपापल्या मुदतीपुरता स्वतंत्र करार असतो. नूतनीकरणाचा संदेश आला नाही, ही सबबही चालत नाही. संदेश जुन्या मोबाइल नंबरवर जात असेल तर तो बदलून घेणं आपलंच काम आहे.

पैसे दिले म्हणजे विमा झाला, असंही धरून चालू नका. विमा कायद्याच्या कलम 64 व्हीबीनुसार हप्ता आधी मिळाल्याशिवाय कंपनी जोखीम घेऊच शकत नाही. चेक वटला नाही, तर हातात पॉलिसीचा कागद असूनही संरक्षण नसतं. एजंटाने घेतलेले पैसे, सुट्टीचे दिवस सोडून, चोवीस तासांत कंपनीकडे जमा करायचे असतात. एजंट कितीही ओळखीचा असला तरी कंपनीची पावती मागा. त्यात अविश्वासाचा प्रश्न नाही.

गृहकर्ज असलेल्यांचा घोटाळा वेगळाच असतो. कर्ज घेताना बँकेने ‘इन्शुरन्स’ म्हणून काही रक्कम कापली होती, एवढंच लक्षात राहतं. तो विमा पुष्कळदा कर्जदाराच्या जिवाचा असतो, घराचा नसतोच. घराचा असला, तरी काही वेळा तो कर्जाच्या रकमेपुरता आणि कर्जाच्या मुदतीपुरताच असतो. कर्ज फिटतं, पेढे वाटले जातात, बँक मूळ कागद परत देते आणि विम्याचा हप्ता खात्यातून वळता होणं थांबतं, ते कोणाच्या ध्यानातही येत नाही. व्याज कमी म्हणून कर्ज दुसऱ्या बँकेत नेलं, तरी हेच होऊ शकतं. दुकानदारांनी कॅश क्रेडिट खातं हलवलं असेल, तर मालाचा विमा आता कोण भरतंय याची चौकशी करावी. माल नव्या गोदामात हलवून पॉलिसीवर जुनाच पत्ता ठेवला, तर विमा चालू असूनही त्या मालाला त्याचा उपयोग नाही.

आता चाकरमान्यांशी थोडं सविस्तर बोलायचं आहे. आपलं गावचं घर गणपतीनंतर बंद होतं ते अनेकदा शिमग्यालाच उघडतं. विम्याच्या दृष्टीने हे साधं घर राहत नाही, ते बंद घर होतं. बंद घरात लागलेली आग, फुटलेली टाकी किंवा वाऱ्याने सरकलेलं छप्पर उशिरा कळतं आणि नुकसान वाढत जातं. म्हणून जुन्या प्रमाणित अग्निविम्यात अटच होती, की वास्तू 30 दिवसांहून जास्त रिकामी राहिली आणि कंपनीची लेखी संमती नसली, तर संरक्षण थांबतं. 1 एप्रिल 2021 पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आली. आगीबरोबर वादळ, पूर, भूकंप, दरड यांचं संरक्षण तिच्यात आहे आणि ती दहा वर्षांपर्यंत एकदम घेता येते. गावच्या घरासाठी ती सोयीचीच आहे. मात्र घर बंद ठेवण्याविषयी आपल्या पॉलिसीत काय लिहिलं आहे ते वाचा, घर वर्षातले किती महिने बंद असतं ते कंपनीला लेखी कळवा आणि तशी नोंद पॉलिसीवर करून घ्या. शेजारी रोज अंगण झाडतो, सांजेला दिवा लावतो, यावर विसंबू नका.

घर विकलं की विकणाऱ्याची पॉलिसी घेणाऱ्याकडे आपोआप जात नाही. घेणाऱ्याने खरेदीखताच्या दिवशीच आपला विमा काढावा. वडील गेल्यावर त्यांच्या नावची पॉलिसी उरलेल्या मुदतीपर्यंत वारसांच्या उपयोगी पडते, पण नूतनीकरणाचे संदेश त्यांच्याच बंद झालेल्या फोनवर येत राहतात. भावाभावांत वाटणीचा निकाल लागेपर्यंत विमा थांबवू नका. कोणीतरी एकाने कंपनीला कळवावं आणि हप्ता भरावा. हिशेब नंतर करता येईल.

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत इमारतीचा आग आणि भूकंपाचा विमा काढण्याची तरतूद आहे. खजिनदार बदलला, की जुन्या फायलीत राहून जाते ती नेमकी हीच तारीख. सभासदांनी वार्षिक सभेत पॉलिसीची प्रत मागावी. आपल्या फ्लॅटमधल्या सामानाचा विमा त्यात असतोच असं नाही, हेही विचारून घ्यावं.

मुदत आधीच टळली असेल, तर आजच कंपनीकडे जा. ती कदाचित आधी पाहणी करायला माणूस पाठवेल, करू द्या. मधल्या काळात झालेलं नुकसान नव्या पॉलिसीत मिळणार नाही. वादळाचा इशारा लागल्यावर धावपळ केली तर विमा मिळेलच याची खात्री नाही.

वाडीत एकटी राहणारी वयस्कर माणसं असतील, त्यांच्या पॉलिसीचा बारीक मजकूर त्यांना वाचून दाखवा. तारीख मोठ्या अक्षरांत कॅलेंडरवर लिहून द्या आणि मुलाला मुंबईला फोन लावून द्या. हे काम मे महिना संपायच्या आत उरकून घ्या.