पहिला प्रश्न मुलांचा

परवा नातीच्या विद्यापीठात, केमिकल इंजिनिअरिंग विभागात गेले होते. सकाळी एका पाहुण्यांचं संशोधनावर व्याख्यान, दुपारी मुलांची ‘केम-ई-कार’. ही मूळची अमेरिकेतली, १९९९ पासूनची स्पर्धा. बुटाच्या खोक्याएवढी गाडी रासायनिक क्रियेवर चालवायची आणि क्रियेनेच थांबवायची, ब्रेक नाही. अंतर किती, ते तासभर आधी सांगतात. नातीच्या गाडीत आयोडिनचं द्रावण एकदम काळंनिळं झालं, सेन्सरवरचा प्रकाश अडला, मोटार बंद! रेषेच्या दोन हात अलीकडेच. का थांबली, यावर मुलं तावातावाने भांडली.

सकाळी मात्र हीच मुलं गप्प होती. प्रश्न विचारले ते प्राध्यापकांनी. नात म्हणाली, "आजी, मला सुचला होता गं प्रश्न, पण इंग्रजीत जुळवेपर्यंत वेळ संपला."

मी मराठी माध्यमातली बी.ए. ते गप्प बसणं मला चांगलं ठाऊक आहे. इतकी वर्षं शिकवताना पाहिलं, प्रश्न गिळायची एकदा सवय लागली की सुटत नाही. म्हणून वाटतं, व्याख्यानानंतरचे पहिले तीन प्रश्न मुलांचेच असावेत; मोडक्या इंग्रजीत, नाहीतर सरळ मराठीत. मोठ्यांनी जरा थांबावं. गाडी दोन हात चुकली तेव्हा कुणी हसलं नाही, मग वाक्य चुकलं तर काय बिघडलं?