कोणते वडनेर?

वडनेर भोलजी बुलडाणा जिल्ह्याच्या नांदुरा तालुक्यात, मुंबई–कोलकाता महामार्गावर आहे. नाशिकच्या चांदवड तालुक्यात वडनेर भैरव आहे, अमरावती जिल्ह्यात वडनेर गंगाई, आणि हिंगणघाटकडे नुसतेच वडनेर. माणसांची यात गफलत होत नाही. एसटीच्या कंडक्टरला ‘भोलजी’ म्हटले की पुरते. एकमेकांना जोडलेल्या संगणकीय रिपोर्टांना मात्र हे दर वेळी नेमके सांगावे लागते.

मनरेगाचे रिपोर्ट उघडणाऱ्या रोजगार सेवकाला ही साखळी पाठ असते. राज्याच्या तक्त्यात बुलडाणा, मग नांदुरा, मग ग्रामपंचायत, शेवटी मस्टर, म्हणजे मजुरांचे हजेरीपत्रक. प्रत्येक क्लिकला वरचा रिपोर्ट खालच्याच्या हाती काही मूल्ये देतो: जिल्ह्याचा कोड, तालुक्याचा कोड, आर्थिक वर्ष. हेच पॅरामीटर. काम प्रोग्रामरचे खरे, पण मनरेगाच्या 2005 च्या कायद्याच्या कलम 17 ने सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेकडे सोपवले. तेव्हा पॅरामीटर कसे पाठवावेत, याचा विचार गावाच्या बाजूनेही व्हायला हवा.

नाव पाठवावे की कोड, यावर फार वाद नको. ‘वडनेर भोलजी’ देवनागरीत लिंकमध्ये घातले तर यूटीएफ-8 च्या हिशेबाने त्याची 93 चिन्हे होतात, आणि एखादी वेलांटी चुकली की रिपोर्ट कोरा. बुलडाणा रोमन लिपीत 2011 च्या जनगणनेत ‘एच’विना आहे, इतरत्र ‘एच’सह. 2023 मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. नावावर जोडलेल्या लिंका अशा वेळी तुटतात, कोडवरच्या तुटत नाहीत. जनगणनेच्या यादीत बुलडाणा 500 आहे, त्याला स्पेलिंगची फिकीर नाही.

तरी कोडवर डोळे मिटून भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून पालघर वेगळे झाले. त्याआधीचे ‘ठाणे’ आणि नंतरचे ‘ठाणे’ एकाच कोडखाली आले, तर तुलना फसते. शिवाय चुकलेले नाव डोळ्यांना खटकते, चुकलेला कोड खटकत नाही. म्हणून कोड मिळालेल्या रिपोर्टाने त्यावरून गाव, तालुका आणि जिल्हा शोधून डोक्यावर ठळक छापावे. अनेक रिपोर्टांत एवढी साधी सोयही नसते.

खरा पेच दुसरीकडे आहे. पॅरामीटर पत्त्यात उघडे ठेवावेत की सीलबंद? उघड्या पत्त्याचा फायदा असा, की वडनेरच्या मस्टरची लिंक जशीच्या तशी व्हॉट्सॲपवर पाठवता येते आणि ग्रामसभेत मोबाइलवर उघडता येते. पत्त्याला पडताळणीच्या अक्षरांची लांब शेपटी जोडली, जशी मनरेगाच्या पानांवर ‘डायजेस्ट’ या नावाने दिसते, की मग कोड हाताने बदलून शेजारच्या पंचायतीत जाता येत नाही. पुन्हा वरून उतरावे लागते. खेड्यातल्या नेटवर्कवर हे उतरणे सोपे नसते.

सील करणाऱ्यांचीही बाजू आहे, आणि ती पोकळ नाही. उघडे कोड क्रमाने बदलत गेले तर एखादा प्रोग्राम राज्यभरच्या मजुरांची नावे आणि मजुरी रातोरात उतरवून घेऊ शकतो. सर्व्हरवर ताण येतो तो वेगळाच. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर ही चिंता हसण्यावारी नेता येणार नाही.

पण झाकणे म्हणजे राखणे नव्हे. मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्टिंग सर्व्हिसेसमध्ये ‘हिडन’ केलेला पॅरामीटर वाचकाला दिसत नाही, पण पत्त्यातून त्याला मूल्य देता येते. ‘इंटर्नल’ केला तरच ती वाट बंद होते. पहारा बसवायचा तो खालच्या रिपोर्टावर: मागणारा कोण आहे आणि त्याला हे पाहण्याचा हक्क आहे का, हे तिथेच तपासावे. जे ग्रामसभेसमोर मांडायचेच आहे त्याचा पत्ता उघडा असावा. बँक खाते किंवा आधारशी जोडलेले तपशील लॉगिनमागे असावेत. दोन्हींना एकच नियम लावण्यात सोय कार्यालयाची होते, गावाची नाही.

एका पॅरामीटरकडे फारच थोड्यांचे लक्ष जाते: काळ. वरचा तक्ता रात्री साठवलेल्या माहितीवर चालतो आणि खालचा थेट डेटाबेसमधून वाचतो, तर दुपारी दोघांचे आकडे जुळत नाहीत. आर्थिक वर्ष पाठवायचे राहिले तर खालचा रिपोर्ट मुकाट्याने चालू वर्ष धरतो. मग ग्रामसभेत आरडाओरडा होतो, ग्रामसेवकावर बोटे रोखली जातात, आणि घोटाळा नसताना घोटाळा दिसतो; कधी खराखुरा घोटाळाही ‘सिस्टीमचा फरक’ म्हणून सुटतो. वर्षाबरोबर ‘माहिती अमुक वेळेपर्यंतची’ हेही खाली पाठवणे आणि दोन्ही रिपोर्टांवर छापणे, हे या सगळ्यातले सर्वात स्वस्त काम आहे. त्यासाठी नवा सर्व्हर लागत नाही, धोरणही लागत नाही.